मेहनत तरी पूर्ण आपली असते का?

यशाचा विषय निघाला की गप्पा हमखास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. एक जण म्हणतो हुशारी जन्मजात असते, दुसरा म्हणतो नशीब लागतं, आणि मग तिसरा ठासून सांगतो की ते सगळं सोडा, मेहनत करा, ती तरी आपल्या हातात आहे ना. इथे सगळे माना डोलावतात. मला मात्र हल्ली हेच वाक्य खटकतं.

हुशारीचं पटकन उरकतो. १९२१ मध्ये लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात भरपूर आयक्यू असलेली जवळपास दीड हजार मुलं निवडली आणि ती पुढे काय करतात हे बघत राहिला. बहुतेकांचं चांगलं झालं, पण नोबेल एकालाही नाही. आणि त्याच्या चाचणीत मार्क कमी पडले म्हणून जी मुलं बाहेर राहिली त्यात विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ होते, एकाला १९५६ मध्ये फिजिक्सचं नोबेल, दुसऱ्याला १९६८ मध्ये! म्हणजे हुशारी लागते, पण एका मर्यादेनंतर ती फार काही सांगत नाही.

मग संस्कार? इथे हंगेरीच्या लास्लो पोल्गारची आठवण होतेच. या माणसाने मुली व्हायच्या आधीच ठरवलं होतं की जीनियस घडवता येतो, आणि तिघींनाही घरीच शिकवून बुद्धिबळात घातलं. सुझन आणि ज्युडिट दोघी १९९१ मध्ये ग्रँडमास्टर झाल्या, ज्युडिट तर पंधरा वर्षांची होती आणि तिने बॉबी फिशरचा सगळ्यात लहान ग्रँडमास्टरचा रेकॉर्ड मोडला. लोक गोष्ट इथेच संपवतात. पण मधली सोफिया? तेच घर, तेच आईबाप, तीच ट्रेनिंग. १९८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, रोमच्या स्पर्धेत तिने मोठमोठे ग्रँडमास्टर मागे टाकून ९ पैकी साडेआठ पॉइंट काढले, पण ग्रँडमास्टर काही झाली नाही. आता यावर कोणी म्हणेल की मग ज्युडिटने जास्त मेहनत घेतली असणार. घेतली असेलही. पण त्या एकाच घरात एकीला ती जास्त घ्यावीशी वाटली आणि दुसरीला तेवढी नाही, हे कुठून आलं?

मला यातलं थोडंफार उत्तर मिळालं ते मार्शमेलोच्या प्रयोगात. लहान मुलासमोर एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, ठेवायचा, आत्ता खाल्लास तर हा एकच, थांबलास तर दोन. वॉल्टर मिशेलचा मूळ प्रयोग सगळ्यांना माहीत असतो, जी मुलं थांबली ती पुढे जास्त यशस्वी झाली वगैरे, आणि त्यावरून संयमाची प्रवचनं पण भरपूर झोडली जातात. पण रॉचेस्टर विद्यापीठात याला एक भारी जोड दिली, त्याचा पेपर २०१३ चा. आधी मुलांना सांगितलं की थांबा, चित्र काढायला चांगलं सामान आणून देतो. अर्ध्या मुलांना ते खरंच आणून दिलं, अर्ध्यांना सॉरी, सामान नाहीये असं सांगितलं. मग मार्शमेलो ठेवला. शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली जेमतेम ३. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९, दुसऱ्यात १४ पैकी १.

अभ्यास छोटासाच आहे, मान्य. पण विचार करा, एकदोनदा शब्द मोडला तर एवढा फरक, मग ज्या मुलाने लहानपणापासून हेच बघितलंय की घरात कोणी कितीही राबलं तरी हातात काही येत नाही, ते दहा वर्षांनी मिळणाऱ्या फळासाठी आज रात्री जागून अभ्यास का करेल? आपण त्याला आळशी म्हणतो. मला तर तो हिशोबी वाटतो, त्याच्या अनुभवाप्रमाणे त्याचा हिशोब बरोबरच आहे.

संधीचं तर अजूनच विचित्र, ती ज्याला मिळते त्याला दिसतच नाही. कॅनडात ज्युनियर आइस हॉकीत मुलांचे वयोगट १ जानेवारीपासून धरायचे, म्हणजे एका वर्षात जन्मलेली सगळी पोरं एकाच गटात, आणि वरच्या टीम्समध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली पोरं बरीच जास्त सापडली. कारण साधं आहे, लहान वयात दहाअकरा महिन्यांनी मोठा म्हणजे अंगाने मोठा, म्हणून सिलेक्ट, म्हणून चांगला कोच, जास्त प्रॅक्टिस, आणि मग खरोखरच चांगला प्लेयर. आता त्या जानेवारीवाल्याला विचारा यशाचं रहस्य काय, तो सांगणार पहाटे उठून प्रॅक्टिस केली, आणि खोटं बोलत नसतो हो तो, केलेलीच असते!

म्हणून यशस्वी लोकांच्या मुलाखतीत मला किती तास काम केलंत, कितीदा अपयश आलं या प्रश्नांचा कंटाळा आलाय. सरळ विचारा ना की ती जी दोनतीन वर्षं काहीच हाताला लागत नव्हतं तेव्हा घर कोण चालवत होतं, आणि हे नाहीच जमलं असतं तर परत कुठे गेला असता. बहुतेकांकडे याचं उत्तर असतं, आणि बऱ्याचदा ते एका वाक्याचंच असतं.