सुरुवात कशी केली, हे तुम्ही विचारलंत म्हणून

महिन्याला तीन-चार मेसेज तरी येतातच. "ताई, लिनक्स कर्नलमध्ये पहिला पॅच कसा पाठवला? मी कुठून सुरुवात करू?" (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, पॅच म्हणजे त्याच्या कोडमधला एक बदल. तो मेलने पाठवायचा असतो.) पूर्वी मी लगेच सांगायचे, पॅच मेल करायला गिट सेंड-ईमेल बसव, मांडणीच्या चुका शोधणारं चेकपॅच चालव, गेट-मेंटेनर स्क्रिप्ट जी नावं देईल त्यांना मेल कर. त्यावर हमखास यायचं, "ते सगळं येतं हो, पण सुरुवात कशी करू?" मग माझी चिडचिड व्हायची. आता एकदाच सविस्तर लिहिते. यापुढे कुणी विचारलं तर हेच पाठवेन.

"लिनसही विद्यार्थीच होता ना?" हे लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सबद्दलचं वाक्य कृपा करून मला ऐकवू नका. २५ ऑगस्ट १९९१ ला त्याने 'हा नुसता छंद आहे' असं लिहिलं, तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठात शिकत होता हे खरं. पण त्याची पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती आणि ती जवळजवळ सगळी त्याने स्वतः लिहिलेली होती. आज कर्नल तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय. त्यातल्या ज्या ओळीला आपण हात लावतो ती दुसऱ्या कुणाची तरी असते, आणि ती तशी का लिहिली हे बरेचदा तिथे लिहिलेलं नसतं. माझी गोष्ट नेमकी तिथेच अडकली.

तिसऱ्या वर्षाला असताना मी स्टेजिंगमधून, म्हणजे कर्नलमधल्या अजून नीट न झालेल्या ड्रायव्हरांच्या विभागातून, सुरुवात केली, सगळे करतात तशीच. स्पेस काढून टॅब घालायचे, लांब ओळी मोडायच्या, नको असलेले कंस काढायचे. अकरा पॅच गेले. अकराव्यानंतर मला वाटायला लागलं की आता खरा बग सापडला पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील ही फक्त टॅब घालते. कुणीही तसं म्हटलेलं नव्हतं.

मग स्टेजिंगच्या बाहेरचा एक यूएसबी ड्रायव्हर उघडला. उपकरण जोडलं की चालणाऱ्या प्रोब फंक्शनमध्ये मेमरी घेतलेली, आणि ते काढलं की चालणाऱ्या रिमूव्हमध्ये ती परत देणारं केफ्री कुठेच नाही. फाइल दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली. घेतलेली मेमरी सोडली नाही की ती वाया जात राहते, म्हणजे लीक होतो, एवढं तर मला येत होतं. डिव्हाइस अनरजिस्टर करणाऱ्या ओळीच्या खाली मी केफ्री टाकलं. एकच ओळ.

मेंटेनरने, म्हणजे तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्याने, विचारलं, "हे कशावर तपासलं?"

मी उत्तर दिलं, "तपासलं आहे, काही अडचण आली नाही."

काय तपासलं होतं मी? कर्नल बिल्ड केला, एकही वॉर्निंग आली नाही. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीनमध्ये बूट केला, लॉगिन आलं. ते उपकरण माझ्याकडे नव्हतं आणि त्या व्हर्च्युअल मशीनलाही जोडलेलं नव्हतं. म्हणजे माझी ओळ एकदाही चाललेली नव्हती. हे मला अर्धवटच कळलं होतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला समजावत राहिले. ते खरं नाही. सेंड करताना मला पूर्ण माहीत होतं.

पॅच घेतला गेला. मर्ज विंडोत, म्हणजे नवे बदल घेण्याच्या काळात, लिनसच्या ट्रीमध्ये (मुख्य कोडमध्ये) पोचला, आरसी-१ ही पहिली चाचणी आवृत्ती आली, आणि गिट लॉगमध्ये माझं नाव दिसलं. स्टेजिंगचे अकरा पॅच मी घरी कुणाला दाखवले नव्हते, हा दाखवला.

आरसी-३ च्या सुमाराला एका अनोळखी माणसाचा मेल आला. उपकरण बाहेर ओढलं की मशीन अडकतं, एवढंच लिहिलेलं आणि खाली मेमरीच्या चुका पकडणाऱ्या कासानचा रिपोर्ट. डबल फ्री, म्हणजे एकच मेमरी दोनदा सोडली. त्या रिपोर्टमध्ये मेमरी कुणी घेतली आणि आधी कुणी सोडली, याचे वेगवेगळे माग दिलेले असतात. 'आधी कुणी सोडली' या भागात एका रिलीज फंक्शनचं नाव होतं. ते वेगळ्या फाइलमध्ये होतं आणि ती फाइल मी कधी उघडलीच नव्हती. डिव्हाइस अनरजिस्टर झालं, ते वापरणारा शेवटचा रेफरन्स सुटला की कर्नल आपणहून ते रिलीज फंक्शन बोलावतो, आणि मेमरी तिथे सुटते. लीक कधी नव्हताच. सोडलेली मेमरी मी पुन्हा सोडत होते, उपकरण काढलं की दर वेळी.

दुसऱ्या दिवशी रिव्हर्ट, म्हणजे माझा बदल मागे घेणारा पॅच, आला. विषयात 'रिव्हर्ट' आणि पुढे अवतरणात माझंच शीर्षक. आत माझ्या कमिटचा चाळीस अक्षरी हॅश (त्या बदलाची ओळखखूण), दोन वाक्यांत कारण आणि ज्याचं मशीन अडकलं त्याचं नाव रिपोर्टेड-बायमध्ये. एकही कडू शब्द नव्हता. असता तर मला राग धरता आला असता, असं तेव्हा वाटलं. मी तीन दिवस मेल उघडलाच नाही.

त्या तीन दिवसांत मी मनातल्या मनात भरपूर युक्तिवाद केले. मेंटेनरनेही पॅच वाचला होता, त्याला का नाही दिसलं? मेमरीची मालकी कुणाकडे आहे हे सांगणारी एक कॉमेंट तिथे का नव्हती? पॅचखाली आपल्या नावाने लिहायची साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ काही 'चालतं' अशी हमी नाही. ती पद्धत २००४ मध्ये, लिनक्समधल्या कोडवर हक्क सांगणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्याच्या पार्श्वभूमीवर आली, आणि तिचा अर्थ हा कोड द्यायचा हक्क मला आहे, इतकाच. यातला एकही मुद्दा खोटा नाही. कॉमेंट नसण्याबद्दल मी आजही भांडेन. पण मला विचारलेला प्रश्न सरळ होता आणि मी दिलेलं उत्तर सरळ नव्हतं. बाकीचे मुद्दे खरे असल्याने ते सरळ होत नाही.

चौथ्या दिवशी लिहिलं, "उपकरणावर तपासलं नव्हतं. फक्त बिल्ड आणि बूट केलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं." उत्तर एका ओळीचं आलं, "ठीक आहे, पुढच्या वेळी पॅचमध्येच तसं लिही." नंतर मी त्या रिलीज फंक्शनवर कॉमेंट घालणारा पॅच पाठवला. तो घेतला गेला नाही, कारण ड्रायव्हर मॉडेलचा हा नियम सगळीकडेच लागू आहे आणि दस्तऐवजात लिहिलेला आहे. हे मला अजून पटलेलं नाही.

तर सुरुवात. तुमच्या टेबलावर जे उपकरण आहे, जे हाताने काढून पुन्हा जोडता येतं, त्याचा ड्रायव्हर वाचा. पॅच सुचला नाही तरी चालेल. आरसी कर्नल आपल्या लॅपटॉपवर चालवा, काही मोडलं तर नीट रिपोर्ट पाठवा. माझी चूक पकडणाऱ्याने एवढंच केलं होतं. स्टेजिंगचे टॅब घालायला हरकत नाही, मेल पाठवायची सवय होते. त्यावेळची मी मात्र हे वाचून भडकली असती. "ज्याच्याकडे जुना लॅपटॉप सोडून काहीच नाही त्याने यायचंच नाही का?" असं तिने विचारलं असतं. तिला सांगायला माझ्याकडे थोडंच आहे. क्यूईएमयूमध्ये यूएसबी उपकरणांची नक्कल करता येते, डमी एचसीडी हा नकली यूएसबी कंट्रोलर आहे, आणि कर्नलच्याच केयुनिट या चाचणी-साधनाच्या चाचण्यांना हार्डवेअर लागतच नाही. यातून सगळे ड्रायव्हर भागत नाहीत, हेही खरं.

पाठवण्याआधी पॅच मला दाखवलात तर मीही तोच प्रश्न विचारेन, कशावर तपासलं? 'फक्त कंपाइल करून पाहिलंय' हे उत्तर मला चालेल. ते पॅचमध्येही लिहा.