वीस मिनिटांचं पाणी

गिरणाकाठच्या आमच्या गावात मी व्हॉल्व्हमन आहे. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, आणि कोणत्या गल्लीला किती वेळ, ते माझ्या चावीवर ठरतं.

यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर अकरा दिवस नळ कोरडे होते. धरणातून आवर्तन सुटलं, पण जामदा बंधाऱ्याच्या पुढे पाणी सरकेना. वाळू उपसून उपसून पात्रात जे खड्डे झालेत, ते आधी भरतात, मग पाणी पुढे येतं. ते जॅकवेलला, म्हणजे नदीचं पाणी उपसायच्या विहिरीला, लागलं त्याच रात्री मुख्य वाहिनी फुटली. जोडायला दोन दिवस गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी टाकीत पाणी पडायला लागलं तेव्हा घरोघर माहेरवाशिणी आलेल्या होत्या, आणि पितरांसाठी भरायच्या मातीच्या नव्या घागरी कोरड्या होत्या.

रिकाम्या लाइनला पाणी सोडणं लोकांना वाटतं तेवढं सोपं नाही. सहा इंची व्हॉल्व्हला वीसेक आटे असतात. पहिल्यांदा दोनच आटे उघडायचे आणि थांबायचं. आतली हवा नळांतून फुसफुसत निघते. एकदम उघडलं तर तीच हवा जोड उखडते. मी चावीच्या दांड्याला कान लावून बसतो. पाण्याचा आवाज भरीव झाला की पुढचे चार आटे. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि आज नवीन येणाऱ्या कंत्राटी पोरांनाही कोणी शिकवत नाही.

पण खरी भीती हवेची नाही, घाणीची. आमच्याकडे अर्ध्या जोडण्या गटारीतून गेल्यात. लाइन कोरडी असताना लोक नळाला छोटी टिल्लू मोटर लावून ओढत राहतात, थेंबभर तरी येईल म्हणून. गंजलेल्या पाइपाच्या भोकातून मग गटारीचं पाणी आत ओढलं जातं आणि तिथेच बसतं. म्हणून अकरा दिवसांनंतरचं पहिलं पाणी मी वॉशआउट, म्हणजे लाइन धुवायचा व्हॉल्व्ह, उघडून नाल्यात सोडलं. आधी काळं आलं, मग चहासारखं, मग नुसतं गढूळ. वीस मिनिटांनी नितळ झालं. तपासायच्या नळीत पाणी घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या औषधाचे, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. क्लोरीन होतं. तेव्हा कुठे वॉशआउट बंद केलं.

तोवर नाल्यावर बायका जमल्या होत्या. "पानी गटारमा का सोडी ऱ्हायना भो?" एकीने चावीच धरली. मी काळं पाणी बाटलीत भरून दाखवलं. तिने ते पाहिलं आणि म्हणाली, धुण्याला तरी चाललं असतं. तिचं खरं होतं. दहा ड्रम तिथे उभे करून घेतले असते तर धुण्या-भांड्याला पाणी झालं असतं. ते मला तेव्हा सुचलं नाही.

संध्याकाळी साडेसहाला जॅकवेलवरची लाइट गेली. टाकी पाव भरली होती, ती आठपर्यंत संपली. शेवटच्या गल्लीला एक हंडाही गेला नाही.

त्या गल्लीत एक म्हातारी राहते, मी तिला आजी म्हणतो. ओट्यावर घागर ठेवली होती, शेजारी खरबूज. ती ओरडली नाही. म्हणाली, "भाऊ, आम्हना वाटानं पानी गटारले पाजी दिधं. आते पितरस्ले काय देऊ?"

रात्री हिशोब मांडला. सहा इंची लाइन, वीस मिनिटं. वीस हजार लिटरच्या आसपास. दोनशे लिटरचे शंभर ड्रम. त्या गल्लीत चाळीस घरं आहेत.

वॉशआउट उघडलं ते चूक, असं मी अजूनही म्हणणार नाही. गॅस्ट्रोची साथ मी एकदा पाहिली आहे, दवाखान्यात एका खाटेवर दोन-दोन लेकरं होती. पण वॉशआउट लाइनच्या मधोमध आहे, नाला तिथे सोयीचा म्हणून. त्याच्या पुढची लाइन धुतलीच जात नाही. म्हणजे त्या गल्लीला पाणी पोचलं असतं तर पहिलं गढूळच पोचलं असतं. टोकाला दुसरं वॉशआउट द्या, हे मी तीन वेळा लेखी दिलंय. ज्यांनी सही करायची ते कधी व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरलेले नाहीत.

आखाजीच्या पहाटे टाकीच्या तळातून दोन कॅन भरले आणि मोटरसायकलवर आजीकडे नेले. तिने घागर भरली, वर खरबूज ठेवलं. मला सांजोरी दिली. मी तिथेच उभा राहून खाल्ली. बाकीच्या एकोणचाळीस घरांकडे मला बघवत नव्हतं.

पुढच्या पाळीला वरच्या तीन गल्ल्यांचे व्हॉल्व्ह बंद ठेवून पाणी आधी शेवटच्या गल्लीला दिलं. पहिल्या पाण्याला ड्रम लावायला सांगितले होते, लोकांनी लावले. आता वरच्या गल्ल्यांनी माझ्याविरुद्ध अर्ज दिलाय. उद्या पुन्हा पाळी आहे, आणि मी आधी शेवटच्याच गल्लीचा व्हॉल्व्ह उघडणार आहे.