तारखेचा रकाना

औशाला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भरतीच्या शेवटच्या दिवशी पडतो सर्व्हर आणि लोक धरतात मला. अशाच गर्दीत तो पोरगा आला. दृष्टिहीन, हातात पेनड्राइव्ह. "सर, तुमी नका भरू. कंप्युटर तेवढा द्या."

पेनड्राइव्हवर एनव्हीडीए होतं. मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ साली ऑस्ट्रेलियात सुरू केलेला फुकट स्क्रीनरीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. इन्स्टॉल न करताही चालतो. पोरानं माऊस बाजूला सारला. एच दाबला की पुढचं शीर्षक, ई दाबला की लिहायचा रकाना, सी दाबला की ड्रॉपडाउन. शिफ्टसोबत दाबलं की उलटं मागं. आवाज इतका पळवलेला की मला एक शब्द कळेना. एका साइटवरून त्यानं मार्कमेमो काढला, तेवढ्या वेळात मी जाहिरातीच बंद करत बसलो असतो.

मग भरतीची साइट. रकान्यांना नावंच जोडलेली नाहीत. आपल्याला शेजारी 'वडिलांचं नाव' दिसतं. त्याला नुसतं 'एडिट, ब्लँक' ऐकू येतं. ते जोडायला कोडची एक ओळ लागते, पण बनवणाऱ्याला तेवढाही आळस! बाणानं आजूबाजूचं वाचत पोरानं तेही भरलं. कॅप्चाला निदान आवाजाचं बटण होतं.

अडलं ते जन्मतारखेपाशी. टाइप करता येईना, टॅब त्या रकान्यावर थांबेना. माऊसचा बाण कीबोर्डवरूनच तिथं आणून त्यानं न्यूमेरिक पॅडच्या भागाकाराच्या बटणानं क्लिकही केलं. कॅलेंडर उघडलं, पण आतल्या तारखांवर काही जाता येईना. सगळं कीबोर्डवरून करता आलं पाहिजे, ही २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० मधली, म्हणजे वेबसाइट अपंगांनाही वापरता यावी म्हणून केलेल्या जागतिक नियमावलीतली, सगळ्यात खालच्या पातळीची, 'ए'ची अट आहे. तीसुद्धा नाही पाळली.

हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सोबत कुणी नाही का त्यांच्या? त्यांना भरायला सांगा ना."

शेवटी तारीख मी भरली. वर्ष मागं नेता नेता माझंच बोट दुखलं.

प्रिंट घेऊन उठताना पोरानं विचारलं, "सगळा फॉर्म मी भरलाय सर, तारीख तेवढी तुमी. एका तारखेचे किती घेताव?"

रांगेतले हसले. मी प्रिंटचे पैसे घेतले आणि पुढच्याला बोलावलं.