तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या कोचकडून मला काय हवंय

ऑगस्ट लागला की विचारणारे सुरू होतात. ऑफिसातले विचारतात, ओमाहाच्या मराठी मंडळातले विचारतात, पुण्याहून ताई विचारते. परवा दाताच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या तोंडात दोन नळ्या असताना विचारलं. प्रश्न तोच, हसू तेवढं कमीजास्त: नेब्रास्का विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या या नव्या कोचकडून तुला नक्की काय हवंय?

आजवर मी एक आकडा सांगून वेळ मारून नेली. हा कोच, मॅट रूल, आला त्या २०२३ च्या मोसमात म्हणालो, सहा. बारातले सहा सामने जिंकले की मोसमानंतरचा बोल सामना मिळतो, आणि २०१६ नंतर आम्हाला तो मिळाला नव्हता. पाच जिंकलो, सात हरलो. पुढच्या वर्षीही सहाच म्हणालो. पोरांनी मोजून सहा जिंकले, वर यांकी स्टेडियममध्ये बॉस्टन कॉलेजला २०-१५ नं हरवलं. बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं?" मी हो म्हणालो. पाच मिनिटांनी फोनवर २०२५ चं वेळापत्रक उघडून मी नऊ विजय मोजून मोकळा झालो होतो.

या नऊमागे हिशेब आहे, हवेतलं नाही. रूल टेंपल विद्यापीठात होता तेव्हा पहिल्या वर्षी दोन जिंकला, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरला एक, मग सात, मग अकरा. आमच्याकडे त्याचं तिसरं वर्ष म्हणजे २०२५. इथली चांगली शिकली-सवरलेली माणसं ही आकडेमोड पत्रिकेतल्या महादशेसारखी एकमेकांना समजावून सांगतात. मी त्यांना हसतो. घरी येऊन तीच करतो.

"पण तुझं काय त्यात?" हे ज्यांना विचारायचं असतं, त्यांना मी एकदाच सांगतो. नेब्रास्का वीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचं राज्य. फुटबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधला, एनएफएलमधला, संघ नाही. जे काही आहे ते लिंकनचं विद्यापीठ, आणि १९६२ पासून तिथल्या स्टेडियमची तिकिटं एकाही सामन्याला शिल्लक राहिलेली नाहीत. १९७०, ७१, ९४, ९५, ९७ अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदं. मी एमएस करायला आलो २००६ साली, म्हणजे त्यातलं एकही पाहिलं नाही. मला पंगतीत बसवलं ते ताक-भाताला. पण शेजारच्या जागेवरच्या आजी कानाला रेडिओ लावून बसायच्या आणि थंडीत त्यांच्या पिशवीतला गरम रन्झा अर्धा मोडून मला द्यायच्या. मी गोमांस खात नाही हे तीन वर्षं त्यांना सांगू शकलो नाही. पाव खायचो, आतलं सारण रुमालात. एवढं झाल्यावर माणूस त्या संघाचा होतोच.

तर आकडा सोडून खरं उत्तर द्यायचं झालं, तर २०१४ च्या थँक्सगिव्हिंगला जावं लागेल.

तेव्हा कोच होता बो पेलिनी. सात मोसम, आणि एकाही मोसमात नऊपेक्षा कमी विजय नाहीत. हे वाक्य आज लिहिताना मला घाम फुटतो, कारण मला तो माणूस नको होता. दरवर्षी चार पराभव, आणि त्यातला एखादा असा की तोंड लपवावं. त्याच महिन्यात विस्कॉन्सिननं ५९-२४ नं धुतलं होतं, एकट्या मेल्विन गॉर्डननं ४०८ यार्ड पळून काढले होते. म्हणून शेवटच्या सामन्यात आयोवाविरुद्ध आमची पोरं पिछाडीवरून येऊन जादा वेळेत ३७-३४ नं जिंकली, तेव्हा मित्राच्या घरी सगळे सोफ्यावर नाचत होते आणि मी बसून होतो. वाटलं, झालं, आता हा वाचला. दोन दिवसांनी त्याला काढलं. सोमवारी मी ऑफिसात डोनट नेले.

त्यानंतर आजपर्यंत आम्ही नऊ सामने जिंकलो ते फक्त एकदा, २०१६ ला.

त्या वेळच्या मला बोलवून दोन ठेवून द्याव्यात असं वाटतं. पण त्याचंही ऐकलं पाहिजे. तो म्हणेल, नऊवर समाधान मानायचं तर स्पर्धेत उतरायचंच कशाला? मोठ्या संघासमोर दरवर्षी गुडघे टेकायचे आणि छोट्यांना हरवून आकडा भरायचा, याला यश म्हणायचं? माझ्याकडे त्याला उत्तर नाही. एवढंच म्हणेन की डोनट नको न्यायला हवे होते.

मग माइक रायली आला, १९ जिंकून १९ हरून गेला. आणि २०१८ ला आला स्कॉट फ्रॉस्ट. लिंकनमध्ये जन्मलेला, वूड रिव्हरसारख्या गावात वाढलेला, ९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक म्हणजे डावाचा सूत्रधार, आणि आदल्याच मोसमात सेंट्रल फ्लोरिडाला तेराच्या तेरा सामने जिंकून देणारा. घरचा मुलगा शिकून-सवरून घरी परत आला. असल्या गोष्टीला मराठी माणूस भुलणार नाही तर कोण? मी उघडपणे दहा म्हणालो. लोकांशी पैजा लावल्या. त्याचा पहिला सामना अ‍ॅक्रनशी होता. किक-ऑफ झाला, विजा सुरू झाल्या, आम्ही तासन्‌तास थांबलो आणि सामना रद्द. नंतरचे सहा सलग हरलो. त्या विजांचा अर्थ मी तेव्हा लावला नाही, आता लावतो. दोन्ही वेळचा मूर्खपणा सारखाच. २०२१ मध्ये नऊ पराभव झाले, सगळे दहापेक्षा कमी गुणांचे. नऊ वेळा काठावर येऊन बुडणारा संघ बघायला वेगळी छाती लागते.

२०२२ चा पहिला सामना डब्लिनला. २८-१७ असं पुढे असताना फ्रॉस्टनं ऑनसाइड किक मारायला लावली. म्हणजे चेंडू आखूड मारून आपणच परत मिळवायचा जुगार, बहुतेक वेळा मागे पडलेल्यांचा. नॉर्थवेस्टर्ननं चेंडू घेतला आणि ३१-२८ नं सामनाही. दुसऱ्या दिवशी मी विमानात बसलो. करोनानंतर पहिल्यांदा कोल्हापूरला, गणपतीला.

अनंत चतुर्दशी शुक्रवारी होती. रविवारी पहाटे पाचला मी मंगळवार पेठेतल्या घराच्या पायरीवर फोन घेऊन बसलो होतो. डॉल्बीनं बसलेले कान अजून उघडले नव्हते, रस्त्यावर गुलालाचा थर, एक कुत्रं त्यात लोळून गुलाबी झालेलं. तिकडे लिंकनमध्ये शनिवारची संध्याकाळ, समोर जॉर्जिया सदर्न. या संघाला पैसे देऊन बोलावतात, हरायला. काका चहाचे दोन कप घेऊन आले आणि शेजारी बसले. काका शाहू स्टेडियमवर पन्नास वर्षं तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघतायत. हातात चेंडू धरून पळण्याला फुटबॉल म्हणतात हे त्यांनी कधी मान्य केलेलं नाही, तरी बसले.

आम्ही गुण करत होतो, तेही करत होते. नेब्रास्कानं घरच्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केले की सामना कधी हरलेला नाही, आजपर्यंत २१४ वेळा, हे मी काकांना सांगितलं तेव्हा आमचे ४२ होते. छत्तीस सेकंद उरले असताना जॉर्जिया सदर्ननं टचडाऊन केला. ४५-४२. आमची पोरं धावत-पळत पुढे आली, आणि शेवटच्या क्षणी ५२ यार्डांवरून फील्ड गोल, म्हणजे चेंडू लाथेनं खांबांमधून मारायचा. बसला तर बरोबरी आणि जादा वेळ. चेंडू हवेत होता. आणि मी पुटपुटलो, "जाऊ दे बाहेर. जाऊ दे."

गेला बाहेर.

काका फोनकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "तू नक्की कुणाकडनं हाईस रं?"

मी समजवायला लागलो. की हा सामना जिंकलो असतो तर कोच आणखी महिनाभर टिकला असता, की एक हरलेला सामना पुढच्या चार वर्षांसाठी बरा, की हे दूरदृष्टीचं आहे. "त्यो गडी तुमच्याच गावचा म्हणालास न्हवं?" हो. "त्याला काढाय पायजे म्हणून तू आपली टीम हरू दे म्हणतोस?" मी गप्प. काकांनी कप उचलले आणि आत गेले.

रात्री झोपायच्या वेळेला बातमी आली, काढलं. मी सांगितलं की करारानुसार दीड कोटी डॉलर द्यावे लागतील. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर निम्मे लागले असते. काकांनी त्या निम्म्याचे, पंचाहत्तर लाख डॉलरचे, रुपये करायला लावले. साठ कोटी होतात म्हटल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीन आठवडं कळ निघंना? एवढ्या पैशात पेठेतल्या समद्या तालमी पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या असत्या."

कोल्हापुरात हरलं तर शिव्या घालतात, दगडफेकीपर्यंत जातात, पण आपल्या तालमीनं हरावं असं कुणी मनात आणत नाही, असं काकांचं म्हणणं. असेलही. पण काका काही संत नाहीत. मुलगा समोरच्या पेठेतल्या संघाचा म्हणून आमच्या आत्तेबहिणीच्या लग्नात ते अक्षता पडेपर्यंत मांडवाबाहेर उभे होते. तेव्हा मला शिकवण्याचा त्यांना कितपत अधिकार, हा प्रश्न आहेच.

तरी तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून गेला नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात इंडियानानं ५६-७ नं मारलं, तेव्हा चौथ्या क्वार्टरमध्ये मी स्वतःला पकडलं: पुढचा कोच कोण, कुणाचा करार संपतोय, हे मी शोधत होतो. रूलला येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. समोर सामना चालू होता. मला वाटतं मला नवा कोच आवडतो तो येण्याच्या आणि पहिल्या किक-ऑफच्या मधल्या नऊ महिन्यांत. तेव्हा तो काहीच हरलेला नसतो. मग तो हरायला लागतो आणि मला त्याचा राग येतो, जणू त्यानं मला शब्द दिला होता. त्यानं दिलेला नसतो. शब्द मीच दिलेला असतो, ताईला, ऑफिसातल्यांना, दातांच्या डॉक्टरीणबाईंना.

हे लिहिताना वाटतंय की फारच कबुलीजबाब झाला. नऊ ही काही अवास्तव मागणी नाही. एवढ्या पगारात, एवढ्या स्टेडियमसमोर, नऊ मागणं म्हणजे हावरटपणा नाही. पेलिनी देत होता.

यंदा, २०२५ ला, गणपती २७ ऑगस्टला, आमचा दीड दिवसाचा. पहिला सामना २८ ला रात्री, कॅन्सस सिटीला, सिनसिनाटीशी. ओमाहाहून गाडीनं तीन तास. आमच्याकडे विसर्जन संध्याकाळी दिवेलागणीला असतं. बायकोनं कॅलेंडर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मंडळाच्या ग्रुपवर "उत्तरपूजा दुपारी दोन वाजता" असं टाकून दिलं. तिनं काही विचारलं नाही. त्याच ग्रुपवरून ताईला कळलं असणार, कारण लगेच तिचा मेसेज आला: "मग, यंदा किती?"

मी लिहिलं, सहा.