ताईचं विमान

डिसेंबरातली गोष्ट. सकाळचे पावणेसात. चहाचा कप हातात घेतला आणि फोन वाजला. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. एवढ्या सकाळी फोन आला की पोटात गोळा येतो.

"दादा, रात्री वडील गेले. ताई हैदराबादला आहे. गाडीनं निघू दे का विमानानं?"

गाडीनं साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. आत्ता निघाली तरी संध्याकाळ झाली असती. सव्वादहाच्या विमानात जागा होती, लगेच काढली. विमान छोटं, पंख्याचं, एटीआर. त्यात प्रवाशांचं दार मागच्या बाजूला असतं, म्हणून मागच्या रांगेतली सीट घेतली. ताईंना निरोप दिला, "बॅग एकच, हातातली. पट्ट्यावर सामान सोडू नका."

दहा मिनिटांनी ताईंच्या भावाचा पुन्हा फोन. "नकाशावर ४४५ किलोमीटर दाखवतंय. विमान ताशी ५०० नं जातं म्हणे. म्हणजे अकरा दहाला उतरेल. साडेअकराला उचलायचं असं सगळ्यांना सांगितलंय."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. त्याचा भागाकार बरोबर होता, पण तो आकाशातल्या सरळ रेषेचा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून इथं येऊन थांबेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, वेग कमी करत उतरणं, सगळं त्यातच येतं. शिवाय वारं पूर्वेचं असलं की हैदराबादहून येणारं विमान थेट उतरत नाही. पश्चिमेकडून वळून यावं लागतं. थंडीत हे नेहमीचंच. तिकिटावर पोचायची वेळ अकरा पस्तीस होती.

"भाऊ, साडेअकरा नको. उजळाईवाडीच्या विमानतळावरून कळंब्याला घरी यायला अर्धा तास धरा. साडेबाराच्या आत उचलू नका. मंडळींना आत्ताच फोन करा."

पलीकडं शांतता. मग हळूच, "शेणी रचायला सांगितल्यात स्मशानात... बरं, सांगतो."

ताईंना आठलाच घराबाहेर काढलं. शमशाबादचा विमानतळ शहरापासून लांब, आणि काउंटर तासभर आधी बंद होतो. ते विमान चुकलं असतं तर त्या दिवशी दुसरा पर्याय नव्हता. सव्वादहानंतर मी दुकानात बसून फोनवरचं विमानाचं चिन्ह बघत होतो. विजापूरच्या बाजूनं हळूहळू पुढं सरकत होतं. दोन गिऱ्हाईकं आली, त्यांना बसा म्हणालो. शेवटी ते चिन्ह कोल्हापूर ओलांडून पुढं गेलं आणि माझा जीव वरखाली झाला. वळलं, परत आलं. अकरा सदतीसला खाली टेकलं. तेवढ्या दोन-चार मिनिटांच्या उशिरानंही हात गार पडले होते.

बारा वाजून वीस मिनिटांनी भावाचा फोन आला. मागं रडण्याचा आवाज होता.

"दादा, ताई आली. पाणी पाजलं तिनं."