तुम्ही विचारलंत म्हणून: मी साइडकार का काढत नाही

माझ्या जुन्या मोटरसायकलला बाजूला साइडकार जोडलेली आहे, म्हणजे आत माणूस बसेल असा एका चाकाचा डबा. संध्याकाळी बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठावर गाडी लावली की पाच मिनिटांत दोन-चार जण जमतातच. कुठल्या सालची, अ‍ॅव्हरेज काय देते, स्पेअर पार्ट मिळतात का, हे सगळं विचारून झालं की शेवटी ठरलेला प्रश्न येतो, "साइडकार काढी नाखो ने काका, एकली गाडी केटली सरस लागशे!" म्हणजे साइडकार काढून टाका, नुसती गाडी किती छान दिसेल. आपली मराठी माणसंही हेच विचारतात. दांडिया बाजारातल्या माझ्या मावसभावाने तर हिशोबच मांडून दाखवला, की वजन जाईल, पार्किंगची कटकट जाईल, आणि उद्या विकायला काढलीस तर एकट्या मोटरसायकलला गिऱ्हाईक पटकन मिळेल. मी दर वेळी उभ्या उभ्या काहीतरी अर्धंमुर्धं सांगतो आणि घरी येऊन चुटपुट लागते, म्हणून आज बसून नीट लिहितोय.

तर पहिली गोष्ट, लिलावात मी बोली लावली ती साइडकारसाठीच. मोटरसायकल तिच्यासोबत आली.

झालं असं की एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं, शिसवी कपाटं, झुंबरं, ग्रामोफोन असलं सगळं, आणि यादीच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती, जुनी मोटरसायकल, साइडकारसह, रिस्टोरेशनसाठी, जशी आहे जिथे आहे. म्हणजे नंतर तक्रार घेऊन यायचं नाही, काय बघायचं ते आधीच बघून घ्या. आदल्या दिवशी माल बघायला देतात, तिथे मी टॉर्च, वही आणि एक लोहचुंबक घेऊन गेलो. आधी इंजिनवरचा आणि फ्रेमवरचा नंबर घासून वाचला, कागदांशी जुळवला, जुळला. किक हाताने हळू दाबून बघितली, दाब लागला, म्हणजे पिस्टन जाम झालेला नव्हता. मग लोहचुंबक साइडकारच्या अंगावर फिरवला तर कुठेच चिकटेना. पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा! नाकापाशी टकटक केलं की आवाज बद्द येत होता, तिथे कोणीतरी पुट्टी भरलेली. आतला लाकडी सांगाडा मात्र वाळवीने खाल्लेला, बोट लावलं की भुसा पडायचा. शेवटी फरशीवर आडवा झालो आणि खालून टॉर्च मारून साइडकार फ्रेमला जोडणारे जोड मोजले. चारही जागेवर होते, मूळचे. तिथेच माझं मन ठरलं, कारण इंजिनाचे बुश, व्हॉल्व्ह, पिस्टन असलं सगळं आपल्याकडे करून देणारे आहेत, सांगाडा सुतार करतो, पण हे जोड एकदा भंगारात गेले की साइडकार आणि गाडी परत कधी भेटत नाहीत.

माझ्या शेजारी एक व्यापारी उभा होता, तो फोनवर कोणाला तरी सांगत होता की गाडी उचलतो, डबा वजनावर देऊन टाकू. डबा हा शब्द मला फार लागला. दुसऱ्या दिवशी तो थांबला त्याच्या पुढे मी आणखी एक बोली लावली आणि हातोडा पडला.

आता गाडीबद्दल. ही बीएसएची एम-२१ आहे. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, मूळचा बंदुकांचा कारखाना, त्यांच्या खुणेतही तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या असतात. यांची एम-२० जास्त प्रसिद्ध, दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी लाखाच्या वर बनवल्या. एम-२१ ही तिची थोरली बहीण. सिलिंडरचा व्यास दोघींचा ८२ मिलिमीटर, पण स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, तिचा ९४ आणि हिचा ११२, म्हणून ती ४९६ सीसी आणि ही ५९१. एवढा लांब स्ट्रोक कशासाठी दिला? पळायला नाही, ओढायला. अगदी हळू फिरत असतानाही ही गाडी बैलासारखी ओढते. इंग्लंडमध्ये रस्त्यात बंद पडलेल्या मोटारींना मदत करणाऱ्या ऑटोमोबाइल असोसिएशनच्या माणसांकडे कितीतरी वर्षं ह्याच एम-२१ असायच्या, आणि साइडकारच्या जागी हत्यारांची पेटी. तिकडच्या कामगार माणसाला मोटार परवडायची नाही, मग नवरा हँडलवर, बायको-मूल साइडकारमध्ये, असं अख्खं घर रविवारी समुद्रावर जायचं. १९५९ साली पाचशे पौंडांच्या आत मिनी मोटार आली आणि हे सगळं झपाट्याने संपत गेलं. आणि आज जी जग्वार मोटार आपण बघतो ना, त्या कंपनीची सुरुवात १९२२ साली ब्लॅकपूलमध्ये साइडकार बनवण्यापासून झाली, स्वॅलो नावाने. म्हणजे डबा म्हणून हिणवण्यासारखी ही वस्तू नाही, हे मी मनापासून सांगतो.

पण खरं उत्तर मला मकरपुऱ्याच्या शेडमध्ये मिळालं. तिथे एक मिस्त्रीकाका आहेत, सत्तरी ओलांडलेले, आयुष्य लेथवर गेलेलं. इंजिन आम्ही चार महिन्यांत उभं केलं (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोने छळलं, थंड असताना ठिणगी छान आणि गरम झालं की गायब, आतली वायंडिंग नव्याने करून आणली तेव्हा सुटलो, आणि नट सगळे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचे, आपला मिलिमीटरचा पाना लावला की कोपरे गेलेच). मला वाटलं, आता काय, साइडकार चार बोल्टांनी जोडायची आणि निघायचं. काका म्हणाले, थांब. त्यांनी दोन सरळ फळ्या आणल्या, एक मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना लावून जमिनीवर ठेवली आणि दुसरी साइडकारच्या चाकाला. मग टेपने दोन फळ्यांमधलं अंतर पुढून मोजलं आणि मागून मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण वीस मिलिमीटर कमी पाहिजे, म्हणजे साइडकारचं चाक किंचित गाडीकडे वळलेलं. त्यानंतर ओळंबा सोडून गाडी किती झुकलीय ते बघितलं, ती साइडकारपासून उलट्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, अगदी एखादा अंश कललेली पाहिजे. एक जोड आवळला की दुसऱ्याचं माप हलायचं, परत ढिलं करा, परत फळ्या लावा. वीस मिलिमीटरसाठी आमचे तीन रविवार गेले.

हे कशासाठी? साइडकार डावीकडे असते, तिचं सगळं वजन गाडीला सतत डावीकडे ओढतं. अ‍ॅक्सिलरेटर दिला की साइडकार मागे रेंगाळते आणि गाडी डावीकडे जाऊ बघते, ब्रेक मारला की ती पुढे धावते आणि गाडी उजवीकडे वळते. तो कल आणि ती वीस मिलिमीटरची तिरपाई या ओढीला उत्तर म्हणून असतात. सगळं जुळलं की सरळ रस्त्यावर हँडल इतकं हलकं लागतं की नुसती बोटं टेकवली तरी चालतात. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, तेही साइडकारसाठी कमी दातांचं बसवलेलं, म्हणून एकटी पळवली तर उगाच ओरडत राहील. म्हणजे ही मोटरसायकल आणि तिला लावलेलं काहीतरी असं नाहीच, हे तीन चाकांचं एकच वाहन आहे, एकमेकांच्या ओझ्याने सरळ चालणारं. ते तोडून मी दोन वस्तू करू आणि दोन्ही लंगड्या करू?

चालवायला मी नवलखी मैदानावर शिकलो, आणि दुचाकीची तीस वर्षांची सवय विसरावी लागली. इथे गाडी वाकवायची नसते, हँडलच फिरवायचं असतं. रिकामी साइडकार घेऊन डावीकडे वळलो आणि चाक जमिनीवरून वर उठलं, पोटात गोळा आला. मग आत गव्हाचं पन्नास किलोचं पोतं ठेवून महिनाभर फिरलो.

पोत्यानंतर आत बसली ती आई. कितीतरी वर्षांपूर्वी बाबांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला पाय टाकून बसलेली असताना तिचा पदर चाकात गेला आणि ती पडली. फार लागलं नाही, पण त्यानंतर ती कोणाच्याही मागे बसली नाही, अगदी माझ्याही नाही. रिक्षाने जायची, पण रिक्षात तिला काही दिसायचं नाही. साइडकारमध्ये दार उघडून आत बसायचं, तोंड पुढे, समोर काच, पदर मांडीवर. पहिल्या दिवशी तिने दोन्ही हातांनी कड घट्ट धरली होती, कीर्ती मंदिरापाशी एक हात सुटला, आणि परत येताना तो हात बाहेर काढून ती मला वाटेतली घरं दाखवत होती, इथे अमक्यांचा वाडा होता, इथे आमची शिवणाची बाई राहायची. ती डावीकडे बसते, मी मान वळवली की मला तिचा चेहरा दिसतो. मागे बसलेल्या माणसाचा चेहरा आपल्याला कधी दिसतो का?

कोणी कायद्याचंही विचारतं. एका ठिकाणी मला ठामपणे सांगितलं गेलं की साइडकार लावली की गाडी तीनचाकी होते, कागद बदला. तसं नाहीये. मोटार वाहन कायद्यात मोटरसायकलच्या व्याख्येतच सुटी करता येणारी साइडकार धरलेली आहे, मी ते कलम छापून डिकीत ठेवलंय. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्या व्हिंटेज म्हणून नोंदवता येतात, पण तशी नोंदवली की रोजच्या वापराला काढता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच राहते. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसला जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन झालं, डोळे निवले एवढं सुंदर सगळं. पण मला ही गाडी हिरवळीवर उभी करायची नाही, म्हणून जुन्याच नंबरावर नोंदणी रिन्यू करत राहतो.

आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. साइडकार काढा असं तुम्ही सगळे म्हणता ते ती रिकामी दिसते तेव्हाच. आई आत असताना मला आजवर एकानेही हे विचारलेलं नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही खंडेराव मार्केटला जातो. आईला उतरावं लागत नाही, ती फुटपाथच्या बाजूलाच असते, त्यामुळे भाजीवाली बाई मेथीच्या जुड्या तिच्या मांडीवर आणून ठेवते आणि आई एकेक उलटून बघते, दोन ठेवून बाकीच्या परत देते. मी इंजिन बंद केलेलं असतं. मग ती दार बोटाने वाजवते, म्हणते, जरा पुढे घे रे, तिथे मटार चांगला दिसतोय.