चढ त्याचा, उतार माझा

सुट्टीला जाऊन पळायचं हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही. "पळायचंच आहे तर घराजवळ रस्ते नाहीत का, त्याला भाड्याचं घर कशाला घ्यायचं?" हा तिचा सवाल, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे उत्तर नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्क मॅरेथॉन, त्याला दोन आठवडे राहिलेले, 20 माइलचा शेवटचा लाँग रन उरकलेला आणि टेपर सुरू, म्हणजे पळणं कमी करायचं आणि उरलेली ताकद घरात एकमेकांवर चिडचिड करण्यात घालवायची. तिसऱ्यांदा फ्रिज उघडा राहिल्यावरून वाजलं तेव्हा नवरा म्हणाला, चल कुठेतरी जाऊ, चढावर थोडं पळू, पानं बघू, माणसात येऊ.

आता न्यूयॉर्कसाठी चढाची प्रॅक्टिस कशाला असं कोणालाही वाटेल. तिथे डोंगर नाहीत, पण पूल आहेत. पाच. सुरुवातच स्टेटन आयलंडवरून वेराझानो पुलाच्या चढाने होते आणि अख्ख्या रेसमधली सगळ्यात उंच जागा पहिल्याच माइलला येऊन जाते, पाय अजून झोपेत असतात तेव्हाच. अर्ध्या रस्त्यात पुलास्की. मग 15 माइलनंतर क्वीन्सबोरो, जिथे खालच्या मजल्यावरून पळायचं, प्रेक्षक नाहीत, बँड नाही, नुसता हजारो बुटांचा आवाज आणि कोणाकोणाच्या धापा. मग विलिस अव्हेन्यू, मॅडिसन अव्हेन्यू. आणि हे पाच संपल्यावर सेंट्रल पार्कच्या आधी फिफ्थ अव्हेन्यूचा तो लांबच्या लांब चढ, जो गाडीतून जाताना चढ आहे हे कळतसुद्धा नाही.

नवरा नागपूरचा. नागपुरात चढ म्हणजे उड्डाणपूल, त्यामुळे पुलांची मॅरेथॉन म्हटल्यावर "म्हणजे होम ग्राउंडच की आपलं" असं तो वर्षभर सगळ्यांना सांगत फिरला. वर सेमिनरी हिल्सचं नाव काढतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसासमोर सेमिनरी हिल्स, म्हणजे, जाऊ दे, संसार करायचाय.

न्यू जर्सीहून वर दोन-अडीच तासांवर शवांगंकचा डोंगर आहे, इथले लोक लाडाने गंक्स म्हणतात, दोर लावून कडे चढणाऱ्यांची ती पंढरी. आम्हाला कड्यांशी कर्तव्य नव्हतं. मिनेवास्का पार्कात घोडागाडीचे जुने रस्ते आहेत ते हवे होते. स्माइली नावाचे दोघे जुळे भाऊ, त्यांनी 1869 मध्ये शेजारच्या मोहाँकला हॉटेल काढलं, मग त्यातल्या अल्फ्रेडने दहा वर्षांनी इथे मिनेवास्काच्या तळ्याकाठी आपलं वेगळं काढलं. पाहुण्यांना बग्गीतून फिरवायचं म्हणून हे रस्ते. घोड्याला दम लागू नये असा चढ ठेवलेला, बारीक खडी दाबून बसवलेली, त्यामुळे गुडघ्यांना सोन्यासारखे. मिनेवास्काची हॉटेलं नंतर जळाली, घोडेही गेले, राहिले रस्ते आणि त्यावर आमच्यासारखे बिनपगारी घोडे.

पानांच्या सीझनमध्ये तिथलं पार्किंग सकाळीच भरतं आणि मग गेटवरूनच परत पाठवतात, म्हणून अंधारातच निघालो. गाडीतून उतरलो तेव्हा थंडीने नाक गेलं होतं. पण उजाडल्यावर जे दिसलं ते फोटोत येत नाही, मी तीस फोटो काढून बघितलेत. मेपलचा केशरी सगळ्यांना माहीत असतो, इथे वर गेलं की पांढऱ्याफेक खडकांमध्ये ब्लूबेरीची गुडघाभर झुडपं असतात आणि ती अख्खी लालभडक होतात, जुन्या इरकलीच्या काठाचा असतो ना तो लाल. मधूनच खुरटे पाइन. आणि खाली तळं, शाईची दौत सांडल्यासारखं.

बरं आता मुद्द्याचं. आमच्यात एक करार आहे, चढावर बोलायचं नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी एका चढावर "अजून किती आहे" असं मी विचारलं होतं आणि त्याने घड्याळात बघून दशांशासकट उत्तर दिलं होतं, तेव्हापासूनचा हा करार. तो चढ हिशोबाने चढतो, हार्ट रेट इतका, पावलं इतकी, आणि पुढे निघून जातो. त्याचंही काही नाही. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा, तो मला घ्यायला परत येतो. म्हणजे वळणावर दिसेनासा होतो, मी आपली सुखाने एकटी धापा टाकत असते, माझ्या चेहऱ्याचं जे काय व्हायचं ते झालेलं असतं, आणि तेवढ्यात हा समोरून हसत उतरत येतो, माझ्याभोवती वळसा घालतो आणि परत वर. शाळा सुटल्यावर मुलाला आणायला आल्यासारखा. तोंडाने काही बोलत नाही, करार आहे ना. पण तो वळसा बोलतो. कॅसल पॉइंटच्या चढावर असे त्याने चार वळसे घातले. मोजले मी.

आणि मग उतार लागला.

उतार माझा. अजिंक्यताऱ्यावरून संध्याकाळी खाली येताना मामा ओरडायचा, "टाच मारू नको, पाय पटापट उचल, रस्त्याला कळता कामा नये!" स्लिपर घालून पळायचो आम्ही. तेच पायात बसलंय. माणसं उतारावर मागे झुकतात, ब्रेक लावतात, आणि तो ब्रेक म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू, तो ताणला जाता जाताच अंगाचं वजन झेलत असतो म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना देव आठवतो. न्यूयॉर्कला वेराझानोचा चढ कोणाला मारत नाही, त्यानंतरचा उतार मारतो, सगळे तिथे मोफत मिळाल्यासारखे सुसाट सुटतात आणि त्याची उधारी शेवटाकडे ब्राँक्समध्ये वसूल होते. हे मी त्याला किमान दहा वेळा सांगितलंय. घड्याळात दिसत नाही म्हणून ते त्याला खरं वाटत नाही.

मी हात सैल सोडले आणि निघाले. मागून आवाज, "अगं, काऊन इतकी पळून राहिली, थांब ना!" चिडला की नागपूर बाहेर येतं. करार फक्त चढाचा, त्यामुळे मी "ये की हळूहळू" असं ओरडून घेतलं. दोन वळणं गेली आणि मनात आलं, जावं का परत, घालावा का एक वळसा त्याच्याभोवती, हसत? फार मोह झाला हो. तेवढ्यात एका सावलीतल्या ओल्या पानांच्या थरावर माझाच पाय सटकला आणि मी बसलेच खाली, चांगली दोन फूट घसरत. लागलं नाही. तो आला, बघितलं, हात दिला, बोलला काही नाही. पण तळ्यापर्यंतच्या उरलेल्या रस्त्यात तो मधूनमधून खांदे हलवत होता, ते थंडीने नक्कीच नव्हतं.

दुपारी एका बागेत सफरचंदं तोडायला गेलो. तिथे सायडरचे गरम डोनट मिळतात, वरून दालचिनी-साखर, वास पार्किंगपर्यंत. आणि माझी संकष्टी. धावायच्या दिवशी उपास नको असं दोघांचंही ठरलं होतं, पण आईने आदल्या रात्री फोनवर आठवण केली आणि मला नाही म्हणवेना. खजूर आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर धावले, पळताना ताकदीसाठी चोखतात त्या एनर्जी जेलपेक्षा बरे लागतात. त्याने सहा डोनट घेतले, "तुझ्यासाठी तीन रात्रीला ठेवतो" म्हणाला, गाडीत बसेपर्यंत दोन उरले.

घर डोंगराच्या पश्चिमेला घेतलेलं, केरहाँक्सनजवळ, स्वस्त पडलं म्हणून. संध्याकाळी कळलं स्वस्त का ते, अख्खा डोंगर पूर्वेला आडवा. अॅपप्रमाणे चंद्रोदय होऊन अर्धा तास गेला तरी बाहेर काळोख. तो म्हणे झाला की उदय, जेव. मी म्हटलं दिसल्याशिवाय नाही. खिचडी झाकून ठेवलेली, मोदकांऐवजी फ्रोझन पुरणपोळी, आणि मी भिंतीला पाय लावून आडवी. हा दर पाच मिनिटांनी जिना उतरून अंगणात जाऊन बघून यायचा, उतरताना कठडा धरून, खेकड्यासारखा एका अंगाने. मी म्हटलं टाच मारू नकोस. त्याने बघितलं नुसतं.

चौथ्या फेरीला खालून हाक आली, "दिसून राहिलं थोडं थोडं! चढतोय अजून. पेस फार स्लो आहे पण!"

"मग जा की," मी आतूनच ओरडले, "घेऊन ये त्याला."